घोडे आले, पण नालबंद कुठे आहे?

शासकीय सायबर सुरक्षेच्या मनुष्यबळाविषयी काही विचार

(एका व्याख्यानमालेत निवृत्त शासकीय संगणक अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



'सायबर सुरक्षा' हा विषय जाहीर झाला की वक्ता काय बोलणार याचा अंदाज श्रोते आधीच बांधून येतात. अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका, आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नका, पासवर्ड सोपा ठेवू नका, असा उपदेश होईल अशी त्यांची अपेक्षा असते. हा उपदेश आवश्यक आहे आणि तो वारंवार व्हायला हवा. परंतु आज मी तुमच्या खिशातल्या भ्रमणध्वनीविषयी बोलणार नाही. मी बोलणार आहे शासनाच्या घराविषयी. आपला सातबारा संगणकात आहे. शिधापत्रिका, जन्ममृत्यूची नोंद, रुग्णालयातील कागद आणि निवृत्तिवेतनाचा हिशेबही तिथेच आहे. वीज कोणत्या वाहिनीतून कुठे वळवायची, हेही संगणकच सांगतो. या सगळ्यावर रात्री पहारा कोण देतो? कोणते यंत्र बसवले आहे, असे मी विचारत नाही. कोणता माणूस आहे, त्याला कोणी शिकवले, त्याला वेतन कोण देते आणि पाच वर्षांनी तो तिथे असेल का, असा माझा प्रश्न आहे.

तटबंदी होती, बालेकिल्ला नव्हता

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे 'एम्स'मध्ये, संगणक प्रणाली बंद पडली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो रुग्ण रांगेत उभे होते. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके हे सारे काम कागद-पेन घेऊन करण्याची वेळ कर्मचाऱ्यांवर आली. व्यवहार पूर्वपदावर येण्यास सुमारे दोन आठवडे लागले. पाच सर्व्हर बाधित झाल्याचे आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्याचे शासनाने पुढे संसदेत सांगितले. या घटनेचे कारणही तिथेच स्पष्ट झाले. रुग्णालयाच्या अंतर्गत जाळ्याचे विभाग नीट पाडलेले नव्हते.

याचा अर्थ सोप्या भाषेत सांगतो. आपले गड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, पहिला दरवाजा पडला म्हणून गड पडत नाही. आत दुसरा दरवाजा असतो, त्यापुढे वळण असते आणि शेवटी बालेकिल्ला असतो. संगणकांच्या जाळ्यातही असेच टप्पे पाडावे लागतात. एका खोलीतील संगणकात शत्रू शिरला तर त्याला कोठारापर्यंत वाट मिळता कामा नये. हे काम बाजारात विकत मिळणाऱ्या पेटीने आपोआप होत नाही. जाळ्याचा नकाशा समोर ठेवून, कुठे दरवाजा हवा आणि कुठे भिंत हवी हे ठरवणारा जाणता माणूस लागतो. शिवाय नवे यंत्र जोडले, नवा विभाग सुरू झाला की तो नकाशा पुन्हा तपासावा लागतो.

आणखी एक प्रसंग पाहा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रणालीने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक बंद पाडले. ज्या फटीतून ती आत शिरली, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, उपलब्ध करून दिली होती. औषध दुकानात होते. ते आणून पाजणारा माणूस घरात नव्हता. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आली. हल्ल्याचे मूळ लक्ष्य युक्रेन होते. पण त्या लाटेत एक मोठी युरोपीय जहाज कंपनी सापडली आणि त्या कंपनीकडे असलेल्या आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. पूर्व युरोपातील भांडणाने रायगड जिल्ह्यात कंटेनरांच्या रांगा लागाव्यात, असा हा काळ आहे.

२०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या संदर्भात घातक प्रणाली आढळली. अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबरला ते मान्य केले आणि बाधित संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातील होता. अणुभट्टीचे नियंत्रण करणारे जाळे त्यापासून अलग आहे, असे स्पष्ट केले. येथे बालेकिल्ला वेगळा ठेवलेला होता, म्हणून देशाला निश्वास टाकता आला. एम्स आणि कुडनकुलम या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आधी केलेल्या विचाराचे मोल कळते.

आणि पुण्याची घटना तर आपल्या उंबरठ्यावरची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली. अठ्ठावीस देशांतील एटीएममधून काही तासांत हजारो व्यवहार झाले. दोन दिवसांनी आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या मार्गाने हाँगकाँगला आणखी सुमारे चौदा कोटी रुपये गेले. एकूण रक्कम ९४ कोटींहून अधिक. बँक सरकारी नव्हती; परंतु तपास करायचा होता तो शासनाच्या पोलिसांना. त्या तपासाला परदेशातील यंत्रणांशी त्यांच्या परिभाषेत बोलणारा, संगणकातील नोंदी वाचू शकणारा अंमलदार लागतो. लक्षात ठेवा, हल्ल्यासाठी शनिवार निवडला होता. शत्रू आपल्या सुट्ट्यांचे वेळापत्रक वाचतो.

अंधारात उपयोगी पडली ती माणसे

यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा असे मी म्हणतो, तेव्हा ते भावनेच्या भरात नव्हे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला. तेथील कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि उपकेंद्रांचे खटके एकामागून एक पडू लागले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात गेले. पण काही तासांत वीज परत आली. कशी? संगणक तर निकामी झाले होते. तेथील तंत्रज्ञ गाड्या घेऊन उपकेंद्रांवर पोहोचले आणि त्यांनी हातांनी खटके चढवले. ती विद्या ते विसरले नव्हते.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज गेली. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता वर्तवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. यांपैकी कोण बरोबर, या वादात मी शिरत नाही. मला खटकते ते हे की, एवढी मोठी घटना घडून पाच महिने लोटल्यावरही देशाला एका स्वरात उत्तर मिळाले नाही. अशा प्रश्नाचा निकाल भाषणांनी लागत नाही, पत्रकार परिषदेनेही लागत नाही. तो यंत्रातील नोंदी वाचून लागतो. ज्यांचा शब्द केंद्र आणि राज्य, सत्ताधारी आणि विरोधक दोघेही मानतील, असे तज्ज्ञ शासनाच्या पदरी पुरेसे असणे, ही राष्ट्रीय सुरक्षेची गरज आहे.

पागा आणि शिलेदार

येथे मला छत्रपती शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेची आठवण होते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत तिचे वर्णन केले आहे. घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार आपला घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि वेतन सरकारी खजिन्यातून. आज 'शिलेदार' शब्द आपण गौरवाने वापरतो आणि शिलेदारांच्या पराक्रमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु महाराजांनी भर दिला तो पागेवर, आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले. कारण उघड आहे. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याच्या निष्ठेला घोड्याच्या काळजीची मर्यादा पडते. पागेचा स्वार राज्याचा असतो.

त्याच व्यवस्थेतील दुसरी बाब मला अधिक मोलाची वाटते. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला असे. नाल ठोकणारा आणि पाणी पाजणारा. युद्धाच्या वर्णनात या दोघांचे नाव कधी येत नाही. पण घोडे किती, याच्याबरोबर नालबंद किती याचाही हिशेब तेव्हाच मांडलेला होता. आज आपण कार्यालयात दोनशे संगणक घेतो. निविदा निघते, खोकी येतात, फीत कापली जाते. या दोनशे घोड्यांमागे नालबंद किती, हा प्रश्न त्या निविदेत नसतो.

तिसरी बाब गडांची. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अंमलदार सारख्या दर्जाचे असत आणि कारभार त्यांनी मिळून करायचा असे. एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. आजचे सुरक्षातज्ज्ञ जबाबदाऱ्यांची विभागणी म्हणून जे सांगतात, ते याहून वेगळे नाही. माहितीची चावी, नोंदवही आणि पहारा एकाच हाती देऊ नये. दुर्दैवाने अनेक कार्यालयांत या तिन्ही गोष्टी एकाच कंत्राटी मुलाच्या हाती असतात.

एक अनुभव

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका जिल्ह्याच्या गावी मी काही वर्षे होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी कार्यालये अनेक आहेत. तिथे संगणक कक्ष सांभाळणारा तरुण अकरा महिन्यांच्या कराराने, एका पुरवठादार संस्थेमार्फत आला होता. हुशार आणि कामाला वाहिलेला. रोज सायंकाळी सगळे गेल्यावर तो दिवसभराच्या नोंदींची दुसरी प्रत काढून ती वेगळ्या कपाटात ठेवी. त्याला हे कोणी सांगितले नव्हते.

३१ मार्चला करार संपला. नव्या संस्थेची नियुक्ती होऊन दुसरा माणूस रुजू होईपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत प्रत निघाली नाही, आणि नेमक्या त्याच काळात सर्व्हरची डिस्क निकामी झाली. कोणी हल्ला केला नव्हता. यंत्र म्हातारे झाले होते इतकेच. जुन्या प्रती कपाटात होत्या, पण त्या पुन्हा चढवायच्या कशा हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी त्या तरुणालाच दूरध्वनी केला. तो तेव्हा आमचा कोणीही नव्हता. तरी तो रात्रीच्या एसटीने स्वतःच्या खर्चाने आला, दिवसभर बसून त्याने प्रणाली उभी केली आणि परत गेला. तीन आठवड्यांच्या नोंदी मात्र लिपिकांनी रात्री जागून कागदावरून पुन्हा भरल्या.

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पासवर्डांची मोहोरबंद नोंद ठेवावी, कामाची पद्धत लिहून काढावी, दुसऱ्या कोणाला तरी ती शिकवून ठेवावी, हे माझ्या अधिकारात होते आणि ते मला सुचले नव्हते. आम्ही त्या मुलासाठी पत्रे पाठवली. पण ज्या संवर्गात त्याला घ्यायचे तो संवर्गच अस्तित्वात नव्हता. पुढे तो हैदराबादला गेला, तिथून परदेशी. आज तो एका परकी बँकेच्या माहितीवर पहारा देतो. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. राज्याला हवा तसा बारगीर दारात उभा होता आणि राज्यापाशी त्याच्यासाठी पागा नव्हती.

झालेले काम

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना झाली, तेव्हा संगणक हा शब्दही सामान्यांच्या कानी नवा होता. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. संगणकीय आणीबाणीला तोंड देणारी 'सर्ट-इन' ही यंत्रणा २००४ पासून कार्यरत आहे आणि देशाच्या अत्यंत महत्त्वाच्या संगणक प्रणालींच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र केंद्र अधिसूचित झाले. गृह मंत्रालयाचे सायबर गुन्हे समन्वय केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. १९३० हा मदत क्रमांक आता अनेकांना पाठ झाला आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे आणि यंत्रांतील नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन आले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०१६ रोजी जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये ८३७ कोटी रुपयांच्या राज्य सायबर सुरक्षा प्रकल्पास मान्यता मिळाली.

प्रशिक्षणाच्या योजनाही आहेत. माहिती सुरक्षा शिक्षण व जागृतीचा राष्ट्रीय प्रकल्प २००५ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे. खात्याखात्यांतील माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी 'सायबर सुरक्षित भारत' हा उपक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. २०२२ पासून सायबर युद्धाचा राष्ट्रीय सराव होऊ लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांत पाच हजार 'सायबर कमांडो' तयार करण्याची घोषणा झाली. राज्यांच्या आणि केंद्राच्या पोलीस दलांतील निवडक कर्मचाऱ्यांना त्यासाठी प्रशिक्षण दिले जाते. ही दिशा योग्य आहे.

तरीही एक जुनी आठवण करून द्यायला हवी. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख कुशल व्यावसायिक घडवण्याचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी शासनाच्या निरनिराळ्या खात्यांत मिळून अवघे ५५६ सायबर तज्ज्ञ असल्याचा आकडा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला होता. ५५६ आणि पाच लाख! या दोन आकड्यांमधील अंतर प्रमाणपत्रे वाटून भरून निघत नाही. सर्ट-इनकडे नोंदल्या गेलेल्या घटना २०२२ मध्ये सुमारे १३.९ लाख होत्या. २०२४ मध्ये त्या २०.४ लाखांवर गेल्या. लोक आता अधिक प्रमाणात कळवू लागले, हेही या वाढीचे एक कारण असू शकेल. पण कळवलेल्या प्रत्येक घटनेकडे पाहणारा माणूस लागतोच.

गाठ कुठे आहे?

माझ्या मते गाठ तीन ठिकाणी आहे. पहिली गाठ 'अतिरिक्त कार्यभार' या शब्दाची. प्रत्येक खात्यात माहिती सुरक्षा अधिकारी नेमावा, असा दंडक आहे. तो नेमला जातो. परंतु मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ते पद मूळ काम सांभाळून करायचे असते. सकाळी तो लेखा पाहतो, दुपारी निवडणुकीचे काम आणि उरलेल्या वेळात सायबर सुरक्षा. शत्रू मात्र अतिरिक्त कार्यभारावर काम करीत नाही.

दुसरी गाठ बदलीची. एखादा पोलीस निरीक्षक दोन वर्षे खपून संगणकीय पुरावा गोळा करण्याचे शास्त्र शिकतो. यंत्र बंद न करता त्यातील माहिती कशी टिपायची, मूळ प्रतीला धक्का न लावता तपासणी कशी करायची, न्यायालयात ती टिकावी म्हणून कोणता कागद जोडायचा, हे त्याला अनुभवाने कळू लागते, आणि तेवढ्यात त्याची बदली वाहतूक शाखेत होते. त्याच्या जागी येणारा पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. शल्यचिकित्सकाला दर तीन वर्षांनी नेत्रविभागात पाठवण्यासारखे हे आहे.

तिसरी गाठ प्रशिक्षणाच्या कल्पनेची. तीन दिवसांची कार्यशाळा, पहिल्या दिवशी उद्घाटन, तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आणि सामूहिक छायाचित्र, याला आपण प्रशिक्षण म्हणतो. पोहणे फळ्यावर शिकवता येत नाही. हल्ला झालेल्या यंत्रासमोर बसून, घड्याळ चालू असताना, कोणते जाळे आधी तोडायचे, कोणाला कळवायचे, काय मुळीच पुसायचे नाही, याचा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो.

इतरांकडून काय घ्यावे?

अमेरिकेने या शतकाच्या प्रारंभीच एक शिष्यवृत्ती योजना सुरू केली. विद्यार्थ्याच्या सायबर सुरक्षेच्या शिक्षणाचा खर्च शासन करते. जितका काळ शिष्यवृत्ती, तितका काळ त्याने शासकीय सेवा करायची. सेवा केली नाही तर शिष्यवृत्तीचे कर्ज होते. कल्पना उत्तम. पण २०२५ मध्ये तेथे शासकीय नोकरभरती गोठवली गेली, आणि सेवा करण्यास तयार असलेले पदवीधर जागाच नसल्याने अडचणीत आले. शिक्षण दिले आणि पद दिले नाही, तर सर्वांत चांगल्या योजनेचेही असे होते.

दुसरे उदाहरण एस्टोनियाचे. लोकसंख्या सुमारे तेरा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराहूनही कमी. २००७ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्या देशातील शासन, बँका आणि वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर हल्ल्यांची लाट आली. त्यातून धडा घेऊन त्यांनी आपल्या स्वयंसेवी संरक्षण दलात सायबर पथक उभारले. दिवसा खासगी कंपनीत काम करणारे तज्ज्ञ त्यात नियमित सराव करतात आणि संकटात देशाच्या मदतीला येतात. आपल्याला ही कल्पना परकी नाही. गृहरक्षक दलाची स्थापना डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतातच झाली होती. आज हिंजवडी, नवी मुंबई येथे परक्या कंपन्यांच्या जाळ्यांची राखण करणारे हजारो मराठी तरुण आहेत. त्यांच्यातील काहींना वर्षाचे पंधरा दिवस मागितले, तर ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही. मात्र एक पथ्य हवे. त्यांची पार्श्वभूमी तपासलेली असावी आणि गडाच्या चाव्या त्यांच्याकडे नसाव्यात. गृहरक्षक पोलिसांच्या मदतीला असतो. पोलिसांच्या जागी नव्हे.

काय करता येईल?

केवळ टीका करून थांबणे योग्य नाही. म्हणून काही सूचना मांडतो.

एक, राज्य पातळीवर सायबर सुरक्षेचा स्वतंत्र, कायम संवर्ग असावा. त्यात तालुका आणि जिल्ह्याच्या तंत्रज्ञापासून राज्याच्या प्रमुखापर्यंत पायऱ्या असाव्यात. बदली व्हावी, पण संवर्गातल्या संवर्गात. विद्या वाया जाऊ नये. बढतीसाठी तंत्रज्ञाला प्रशासक होण्याची सक्ती नसावी. उत्तम तंत्रज्ञ म्हणूनच त्याला वरच्या वेतनश्रेणीत जाता यावे.

दोन, नव्या संगणक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच नालबंदाचा हिशेब असावा. इतकी यंत्रे, इतके सर्व्हर, म्हणून इतकी माणसे, आणि त्यांच्या रात्रपाळीची व्यवस्था. हा रकाना कोरा असेल तर प्रकल्पाला मान्यता मिळू नये.

तीन, शिक्षणाच्या बदल्यात सेवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना आपण बंधपत्रानुसार सेवा करायला लावतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत राष्ट्र आपल्या खर्चाने तीन वर्षे छात्र घडवते आणि मग त्यांच्या खांद्यावर जबाबदारी देते. पुण्यातील सी-डॅकसारख्या संस्थेत सुरक्षेचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतातच. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या अभियांत्रिकी पदविकाधारक मुलामुलींना तिथे शासनाच्या खर्चाने शिकवावे आणि त्यांच्याच विभागात पाच वर्षे नेमावे. पद आधी मंजूर असावे आणि विद्यार्थी नंतर निवडावा.

चार, सराव. गावातील शाळेतही आग लागल्यावर काय करायचे याची रंगीत तालीम होते. तशी प्रत्येक जिल्हा कार्यालयात वर्षातून दोनदा सायबर आपत्तीची तालीम व्हावी. त्यातली एक सुट्टीच्या दिवशी, पूर्वसूचनेविना. संगणक बंद आहेत असे समजून एक दिवस कागदावर काम करून दाखवावे. युक्रेनच्या तंत्रज्ञांप्रमाणे आपले हातही सवयीचे असले पाहिजेत.

पाच, प्रशिक्षण मराठीत. शेवटचा दरवाजा तज्ज्ञाच्या हाती नसतो. तो टेबलावर आलेले पत्र उघडणाऱ्या लिपिकाच्या हाती असतो. त्याच्या हाती इंग्रजीतील शंभर पानांची मार्गदर्शिका देऊन आपण आपले कर्तव्य झाले असे मानतो. त्याच्या भाषेत, त्याच्या कामातील उदाहरणे घेऊन शिकवले पाहिजे. आणि चूक झाली तर ती तात्काळ सांगणाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे, शिक्षा नव्हे. चौकशीच्या भीतीने लपवलेला एक तास शत्रूला पुरेसा असतो.

वेतनाचा आक्षेप

यावर हमखास आक्षेप येतो की, खासगी कंपन्या देतात तेवढे वेतन शासन कसे देणार? देऊ शकणार नाही, हे मान्य. परंतु लष्करातील अधिकाऱ्यालाही कंपनीच्या तोडीचे वेतन नसते. तो टिकतो तो मानाने, साथीदारांच्या संगतीने आणि आपण काय राखतो आहोत या जाणिवेने. सायबर रक्षकाला हे तिन्ही द्या. त्याला स्थैर्य द्या, निवृत्तीनंतरचा आधार द्या, शिकत राहण्याची संधी द्या. काही जण तरीही जातील. पाच वर्षे सेवा करून गेलेला माणूस हा तोटा नव्हे. तो बाहेर गेलेला आपला माणूस असतो, आणि हाक मारल्यावर येतो. माझ्या त्या कंत्राटी सहकाऱ्याला आम्ही काहीच दिले नव्हते, तरी तो रात्रीच्या एसटीने आला होता.

खासगी उद्योगाचे साहाय्य घेऊ नये, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ नाही. शिलेदार हवेतच. उत्तम यंत्रे, उत्तम तपासनीस बाहेरून घ्यावेत. परंतु त्यांचे काम जोखणारा, त्यांच्या अहवालातील उणीव ओळखणारा आणि करार संपल्यावरही जागेवर राहणारा माणूस शासनाचा असावा. तो नसेल तर आपण काय विकत घेतले हेही आपल्याला कळणार नाही.

समारोप

श्रोतेहो, आपण नागरिक आहोत; धोरण ठरवणारे नाही, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. पण प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. आपल्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, रुग्णालयात नवी संगणक प्रणाली आली की अभिनंदनाच्या ठरावाबरोबर एक साधा प्रश्न विचारावा. ही प्रणाली शनिवारी रात्री बंद पडली तर कोण येणार? त्या माणसाचे पदनाम काय? त्याने शेवटचा सराव कधी केला? उत्तर मिळाले तर समाधान मानावे. उत्तर मिळाले नाही, तर ते मिळेपर्यंत विचारीत राहावे.

आणि या सभागृहात मागे उभ्या असलेल्या तरुणांना एक सांगणे आहे. परदेशी जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण कधी काळी शासनाने या कामासाठी जागा काढल्या, तर अर्ज करताना वेतनाच्या आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट मांडून पाहा. तुमच्या आजोबांच्या शेताचा सातबारा, तुमच्या आईचा रुग्णालयातील कागद, तुमच्या गावाची वीज यांच्यावर कोणीतरी रात्री जागणार आहे. तो माणूस तुमच्यापैकी असावा, एवढीच माझी इच्छा आहे.